गाडीला बारा भोकं

माझ्या गाडीचं दार लावायची एक पद्धत आहे. आपटायचं नाही. तळहात ठेवून हळू ढकलत आणायचं आणि शेवटच्या बोटभर अंतराला जरासा जोर द्यायचा. ही पद्धत मी आजवर ज्यांना ज्यांना शिकवली, त्यांतले निम्मे लोक परत माझ्या गाडीत बसले नाहीत. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

गाडी जुनी आहे. गोल दिवे, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पुढे दोन वेगळ्या सीट नाहीत, एकच सलग बाकडं. आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी निवृत्त होऊन गावी जाताना ती मला विकली, पण विकताना सूचना अशा दिल्या की जणू मुलगीच सासरी धाडतायत. तेव्हा आम्ही लालबागला दोन खोल्यांत राहायचो आणि गाडी रस्त्यावर उभी असायची. मीरा रोडला आलो तेव्हा बायकोला आनंद झाला तो घरातल्या घरात संडास-बाथरूम मिळाल्याचा. मला झाला तो इमारतीखाली गाडीला सावली मिळाल्याचा. हे ती अजून पाहुण्यांना सांगते आणि सांगताना हसत नाही.

गाडीचा रंग मूळचा आहे, फिकट आकाशी. आली तेव्हापासून मी तिच्या पत्र्याला एकही नवीन भोक पाडू दिलेलं नाही. टेपरेकॉर्डर बसवायला भोक पाडावं लागतं म्हणून मी पस्तीस वर्षं गाण्यांशिवाय गाडी चालवली. बायको म्हणते, गाणी असती तर तुमचं लोकांवर ओरडणं ऐकू आलं नसतं, तेवढाच फायदा झाला असता. असेल. पण पत्रा एकदा फोडला की फोडला. तिथून गंज शिरतो, आणि आमच्याकडे तर खाडी दोन्ही बाजूंना.

कारखान्यात मी माल तपासायच्या खात्यात होतो. माप घ्यायचं, ताण देऊन बघायचा, आणि शिक्का मारायचा, पास नाहीतर नापास. लोक मला घाबरायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. एकदा सणाच्या तोंडावर मी अख्खी गाडीभर माल नापास केला होता आणि मॅनेजर माझ्यासमोर हात जोडून उभा होता. तरी मी पासचा शिक्का मारला नाही. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की माझी मुलगी लहानपणी ती तोंडपाठ म्हणून दाखवायची.

ती मुलगी आता खारी गावाच्या पलीकडच्या नव्या टॉवरमध्ये राहते. नवरा-बायको दोघं नोकरी करतात. नात ज्युनियर के.जी.त आहे, आणि तिला शाळेतून आमच्या घरी आणायचं काम माझं. काम कसलं, माझ्या दिवसाचा तोच एक तास खरा. बाकीचा दिवस मी पेपर वाचतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतो. नात पुढच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसायची, पाय समोर सरळ, दप्तर मांडीवर. इंजिनचा आवाज चढला की ती गंभीरपणे म्हणायची, "आजोबा, दुसरा." मग मी दुसरा गिअर टाकायचो. तिसऱ्याच्या वेळी ती कधी चुकली नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघं मिळून गाडी चालवायचो.

हे सगळं एका शुक्रवारी बंद झालं.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे एक सहा वर्षांची मुलगी आली होती, गाडीच्या पुढच्या सीटवरून डॅशबोर्डवर आदळलेली. वेग फार नव्हता, धडकही मोठी नव्हती, वडिलांनी फक्त जोरात ब्रेक मारला होता. त्या पोरीला परत जिना चढायला शिकवायला माझ्या मुलीला चार महिने लागणार होते. हे तिनं मला फोनवर सांगितलं, अगदी शांत आवाजात, आणि म्हणाली की गाडीला बेल्ट बसेपर्यंत माझी मुलगी तुझ्या गाडीत बसणार नाही.

मी भडकलो. भडकल्यावर माणूस जे जे बोलतो ते सगळं बोललो. या गाडीत तू लहानाची मोठी झालीस, तेव्हा कुठे होते बेल्ट? मी पस्तीस वर्षांत एक ओरखडा येऊ दिला नाही. एवढ्या जुन्या गाडीला कोण विचारतो? आणि शेवटी हुकमाचं पान टाकल्यासारखं विचारलं, रिक्षातून पाठवतेस ना तिला, रिक्षाला असतो का बेल्ट?

 ती म्हणाली, "रिक्षात मला काही करता येत नाही, बाबा. तुझ्या गाडीत करता येतं."

मी फोन ठेवला. पुढचे आठ दिवस मी नातीला रिक्षातून आणलं. रिक्षात ती काहीच बोलायची नाही, नुसती बाहेर बघायची. एकदा रिक्षावाल्यानं वेग वाढवला तेव्हा ती हळूच "दुसरा" म्हणाली आणि माझ्याकडे बघून गप्प बसली. मला रडू आलं. साठी ओलांडलेला माणूस भर दुपारी रिक्षात रडतोय, आणि कशासाठी, तर गाडीला भोक पाडायचं नाही म्हणून. तरी मी ठरवलं ते असं, की बेल्ट बसवायचे, पण भोक न पाडता.

आमच्याकडे सीट कव्हरच्या दुकानांची एक रांगच आहे. तिथल्या एका दुकानदारानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला नीट ओळखलं. मला काय हवंय ते मी पूर्ण सांगायच्या आत तो म्हणाला, "अंकल, छेद नहीं मारेंगे. पोलीसवाले को दिखना चाहिए, और क्या."

त्यानं चार बेल्ट आणले. वरचं टोक दाराच्या वरच्या हँडलच्या स्क्रूला, खालचं टोक सीटच्या चौकटीला, तेही तिच्याच जुन्या स्क्रूंनी. पत्र्याला धक्का नाही. पाऊण तासात काम झालं. बेल्ट काळेभोर, चकचकीत, टक्क आवाज करून लागणारे. बघणाऱ्याला वाटावं गाडीबरोबरच आलेत.

मी तिथे उभा होतो. चष्मा डोळ्यांवर होता. तो स्क्रू किती बारीक आहे, किती आटे पत्र्यात गेलेत, हे मला हात न लावता कळत होतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? मागची सीट तर नुसती खाचेत अडकवलेली असते, वर उचलली की हातात येते, आणि बेल्ट त्या सीटलाच बांधला होता. दाखवायचे दात, खायचे नव्हेत. असला माल कारखान्यात माझ्यासमोर आला असता तर मी करणाऱ्याला जागेवर उभा ठेवला असता. इथे मी दुकानदाराला शाब्बास म्हणालो आणि गाडी घेऊन घरी आलो.

मला काय वाटलं होतं, तेही सांगतो. मला वाटलं, मी काय आदळणार आहे थोडाच? बेल्ट मुलीच्या समाधानासाठी. ब्रेक माझ्या पायात आहे.

रविवारी मुलगी आली. खाली उतरून तिनं मागचं दार उघडलं, बेल्ट ओढून बघितला, टक्क करून लावला, काढला. ती वाकून खालच्या बाजूला बघणार होती. मी बाजूला उभा होतो. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सरळ उभी राहिली.

"तू स्वतः उभं राहून बसवून घेतलेस ना? मग मला बघायची गरज नाही."

मी हो म्हणालो. तिनं आणलेली उंच गादी, लहान मुलांना बेल्ट खांद्यावर नीट यावा म्हणून असते ती, मागच्या सीटवर डाव्या बाजूला ठेवली आणि नातीची जागा ठरवून टाकली.

नात परत गाडीत बसायला लागली. मागे बसावं लागतं म्हणून दोन दिवस फुगली, मग मागूनच गिअर सांगायला लागली. सगळं पहिल्यासारखं झालं होतं. फक्त मला गाडी चालवता येईना.

म्हणजे चालवत होतो, पण वीसच्या वर काटा जाईना. पुढे एखादी स्कूटर थांबली तरी माझा पाय आधीच ब्रेकवर. रिक्षा, टेम्पो, दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल, सगळे हॉर्न मारत पुढे निघून जायचे. कचऱ्याची गाडी दिसली की मला बरं वाटायचं, तिच्या मागे मागे कुणी काही बोलत नाही. नात "दुसरा, आजोबा, दुसरा" म्हणून दमायची. तिसरा तर ती विसरूनच गेली. आरशात मला तिच्या छातीवरचा तो काळा पट्टा दिसायचा आणि काटा आणखी खाली यायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसली गत. एकदा बायको गाडीत होती. ती म्हणाली, काय हो, पोरीला शाळेतून आणताय का वरातीतून? मी तिच्यावर ओरडलो. 

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एक तरुण बाप माझ्या गाडीजवळ येऊन उभा राहिला. त्याची मुलगी नातीच्याच वर्गात. मोठ्या कौतुकानं त्यानं गाडीवरून नजर फिरवली. त्याच्या वडिलांची अशीच गाडी होती, हेच मॉडेल, वरसाव्याला शेडमध्ये कित्येक वर्षं झाकून ठेवलेली. वडील आता नाहीत. गाडी चालू करून घेतली होती, आता मुलीला तिच्यातून शाळेत आणायचं त्याच्या मनात होतं, पण बेल्ट नव्हते म्हणून अडलं होतं. त्यानं मागच्या खिडकीतून आत बघितलं, माझी नात बेल्ट लावून बसली होती.

"अंकल, ये किधर लगवाया? मुझे भी वहीं लगवाना है."

दुकानाचं कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं. खिशात हात गेलाही. त्याची मुलगी त्याचं बोट धरून उभी होती, दोन वेण्या, हातात पाण्याची बाटली. आणि माझा हात काही बाहेर येईना. त्या पोरीला मी त्या दुकानात पाठवणार नव्हतो. कुठल्याच पोरीला पाठवणार नव्हतो. माझ्या तोंडून निघालं, "वो दुकान बंद हो गया."

तो बिचारा हळहळला आणि गेला. मी स्टीअरिंगवर हात ठेवून बसलो. दुसऱ्याच्या मुलीसाठी नापास आणि स्वतःच्या नातीसाठी पास, असा शिक्का मी मारला होता. मला माझीच किळस आली. मागून नात विचारत होती, आजोबा, पहिला टाकू या का? मी तिला गाडीतून उतरवलं, गाडी तिथेच कडेला लावली आणि तिला रिक्षातून घरी नेलं. मुलीला फोन करून सांगितलं की गाडीचे ब्रेक बघायला द्यायचेत, थोडे दिवस लागतील. हे दुसरं खोटं.

भाईंदरजवळ राई गावात एक मिस्त्री आहे. घराणं मासेमारीचं, होड्या भावांकडे, याच्याकडे वेल्डिंग. होड्यांच्या लोखंडी कामापासून टेम्पोच्या चॅसीपर्यंत सगळं करतो. खाडीच्या अंगाला नारळाच्या झाडांमध्ये त्याचा पत्र्याचा मांडव आहे. वयानं माझ्याएवढाच, बोलणं कमी. मी गाडी तिथे नेली आणि त्याला म्हणालो, नातीसाठी बसवलेत, जरा हे बेल्ट बघायचेत.

त्यानं नातीच्या जागेवरचा बेल्ट मुठीला गुंडाळला आणि एक हिसका दिला, कोळी माणूस दोराला देतो तेवढाच. सीट उचकटून वर आली. दुसऱ्या हिसक्याला वरचं हँडल स्क्रूसकट त्याच्या हातात आलं. ते त्यानं माझ्या हातात ठेवलं.

"या गाडीन नात बसते ना तुमची?"

मी मान हलवली. तो पान्यांची पेटी घेऊन आला. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो.

मग त्यानं गाडीतलं सगळं बाहेर काढलं. सीट काढल्या, रबराचे गालिचे काढले, त्याखालचं तागाचं अस्तर काढलं. पस्तीस वर्षांत मी ते कधी उचललं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! मागच्या सीटखालचा पत्रा त्यानं हातोडीच्या टोकानं टोचला आणि तो पापडासारखा फुटला. आरपार जमीन दिसली. वरून मी दर रविवारी रंग पुसत होतो, आणि खाली खाऱ्या हवेनं आपलं काम केलं होतं. ज्या पत्र्याला भोक पडू नये म्हणून मी मुलीशी भांडलो, त्याला तळहाताएवढं भोक आधीच पडलेलं होतं. मी नारळाच्या बुंध्याशी जाऊन बसलो. मिस्त्रीनं चहा सांगितला.

त्यानं समजावलं ते मला आधीच ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकलं. सडलेलं कापून टाकायचं, नवा जाड पत्रा जोडायचा, आणि प्रत्येक बोल्टच्या पाठीमागे हाताच्या पंजाएवढी लोखंडी पट्टी द्यायची, म्हणजे ओढ बसली तर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येत नाही. चार बेल्ट, एकेकाला तीन जागा. बारा भोकं. बेल्ट नवे, चांगल्या प्रतीचे, हिसका बसला की जागेवर अडकणारे. ते मी स्वतः शोधून आणले, प्रत्येकाची शिवण भिंगाखाली बघून.

तीन दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. मी रोज सकाळी डबा घेऊन जायचो, दुपारी नातीला रिक्षातून आणायला मध्ये सुटायचो आणि संध्याकाळी घरी यायचो. बायकोला वाटलं मला नोकरी लागली. पत्रा जोडून झाला तेव्हा मी खडूनं बारा खुणा केल्या, दोनदा मापून. पुढच्या आणि मागच्या दारामधल्या खांबावर, जिथे रंग अजून आरशासारखा होता, तिथेही एक खूण आली. मिस्त्रीनं ड्रिल माझ्या हातात दिलं. म्हणाला, "पयला भोक तुमी पाडा. मंग मना शिव्या द्याच्या न्हाय."

मी पाडलं. आकाशी रंगाची भुकटी माझ्या मनगटावर पडली. मला वाटलं होतं जीव कासावीस होईल. तसं काही झालं नाही, फक्त ड्रिल जरा जड वाटलं.

सगळं बसल्यावर मी म्हटलं, झालं, आता जातो. मिस्त्री म्हणाला, थांबा. होडीला नवी कडी लावली की त्याच्या घरात आधी ती ओढून बघायची रीत. नांगराचा दोर त्या कडीला असतो. ती सुटली तर होडी गेली. म्हणून लावणाऱ्यानं किनाऱ्यावरच तिला साखळी लावून ओढायचं, मालकासमोर. त्यानं गाडीचा हँडब्रेक ओढला, मागचं दार उघडून साखळी नातीच्या जागेच्या बोल्टला लावली, दुसरं टोक वजनं ओढायच्या चेनपुलीला आणि चेनपुली नारळाला बांधली. मग हात हात साखळी ओढत गेला. साखळी ताणली, नारळ करकरला, गाडी एका बाजूला कलली आणि मग हँडब्रेकसकट, चारही चाकांवर, वाळूत फरफटत त्याच्या दिशेनं सरकली. बोल्ट होता तिथेच होता. अशी त्यानं एकेक करून बाराही जागा ओढून बघितल्या. मी प्रत्येक जागेवर वाकून भिंगातून बघितलं. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. प्रत्यक्षात मी म्हणालो, ठीक आहे, पास.

गाडी घरी आली. आता कुणाला काही सांगायची गरज नव्हती. बेल्ट आधीही काळे होते, आताही काळे. बायको म्हणालीही, झालं ते झालं, पोरीच्या डोक्याला कशाला ताप? बायकोला मी राईहून आल्यावर सगळं सांगून टाकलं होतं. पण कारखान्यात एक नियम होता. चुकून खराब माल पास झाला आणि नंतर कळलं, तर ज्यानं शिक्का मारला त्यानंच गिऱ्हाइकाला जाऊन सांगायचं. मी दोनदा गेलो होतो. गिऱ्हाईक शिव्या देतं, आपण ऐकून घ्यायच्या. इथे गिऱ्हाईक माझी मुलगी होती.

रविवारी ती जेवायला आली. नात टीव्हीसमोर होती. वरण-भात वाढून झाल्यावर मी सांगितलं. दुकान, बारीक स्क्रू, खाचेतली सीट, एकोणीस दिवस, सगळं. मला माहीत होतं, हेही सांगितलं.  बायको हातात डाव घेऊन उभी राहिली होती.

मुलीनं ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि म्हणाली, चावी घे.

खाली येऊन तिनं मागच्या सीटवरची ती उंच गादी काढून डिकीत टाकली आणि स्वतः त्या जागेवर बसली. बेल्ट लावला. मिठागरांकडे चल, म्हणाली. भाईंदर पश्चिमेकडून मिठागरांच्या कडेनं एक रस्ता जातो, दुपारी तिथे चिटपाखरू नसतं.  आरशात मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खांद्यावरून आलेला पट्टा दिसत होता.

सरळ रस्ता लागला तेव्हा ती म्हणाली, "चाळीसवर घे."

मी घेतला. बऱ्याच दिवसांनी गाडी तिसऱ्यात गेली.

"आता ब्रेक मार."

मी पाय ठेवला, पण हळू. गाडी सावकाश थांबली. तिनं सांगितलं, परत. दुसऱ्यांदाही माझा पाय पुढे जाईना. मागे माझी मुलगी बसली होती. बाराही जागा माझ्या डोळ्यांसमोर ओढून बघितलेल्या, प्रत्येकीला मी भिंग लावलेलं, आणि तरी मी पाय ब्रेकवरून उचलून घेतला. नातीला घेऊन मी एकोणीस दिवस त्या दोन बारीक स्क्रूंवर फिरलो होतो, तेव्हा मी कुणाला नको म्हणालो नव्हतो. आता मी म्हणालो, नको गं, मला जमत नाही.

"बाबा, मार."

मी मारला. सगळा जोर काढून. चाकं किंचाळली, रबराचा वास आला, माझ्या छातीवर पट्टा असा बसला की श्वास अडकला. मग सगळं शांत झालं. इंजिनही बंद पडलं होतं. मी मागे वळायला घाबरत होतो. मग वळलो.

ती सीटला टेकून बसली होती. केस तोंडावर आले होते, एक हात खांद्यावर होता, आणि ती रडत होती, आवाज न करता. मला वाटलं लागलं. मी दार उघडायला हात घातला तर ती म्हणाली, "लागलं नाही. धरलं त्यानं."

 मग तिनं डोळे पुसले.

"एकोणीस दिवस, बाबा. मी खाली वाकून बघणार होते. तू शेजारी उभा होतास म्हणून बघितलं नाही."

मी माफी मागितली. आयुष्यात मी कुणाची फारशी माफी मागितलेली नाही, त्यामुळे मला ती नीट मागताही आली नाही. ती ऐकत होती. ठीक आहे, असं ती म्हणाली नाही. तिनं बेल्ट सोडला, खाली उतरली, सीटच्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि तिन्ही बोल्ट एकेक करून हातानं चाचपून बघितले, वरचा, बाजूचा, मग अगदी आतला, ज्याच्यासाठी गाडीखाली हात घालताना तिला रस्त्याला गाल टेकवावा लागला. सावकाश, मी बघायचो तसे. मग गुडघ्यांची माती झटकून ती पुढे येऊन माझ्या शेजारी बसली.

"उद्या तिची शाळा साडेबाराला सुटते," ती म्हणाली. "वेळेवर जा. आणि रोज सकाळी कामावर जाताना मी तुझ्याकडे थांबून हे असंच बघणार. तू शेजारी उभा असलास तरी."